इस्लामी वास्तुकलेची वैशिष्ट्ये कोणती, आणि विजापूर-बेळगावकडील इमारतींना मोगल शैलीच्या म्हणता येईल का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. जगभरच्या इस्लामी इमारतींत समान काय असते, ही पहिली. आणि विजापूर-बेळगाव भागातील मशिदी व मकबरे मोगल शैलीचेच एक रूप आहेत का, ही दुसरी. मी बेळगावचा राहणारा आहे आणि इकडच्या जुन्या इमारतींची बांधणी समजून घेण्याची मला मनापासून आवड आहे, त्यामुळे उदाहरणे बहुतेक याच भागातील देतो.

समान घटक आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच थोडे आहेत. मशिदीला मक्केच्या दिशेची भिंत लागते, तिला किब्ल्याची भिंत म्हणतात. त्या भिंतीत मिहराब हा कोनाडा, जवळ प्रवचनासाठी मिंबर, रांगा करून उभे राहता येईल अशी सपाट जागा आणि वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, पाणी, एवढ्यावर मशीद पुरी होते. घुमट आणि मिनार ही आज ओळखीची खूण झाली असली, तरी धर्माने ती सांगितलेली नाहीत. अगदी आरंभीच्या मशिदींना मिनार नव्हते. सजावटीत सुंदर अक्षरलेखन, भौमितिक आकृत्या आणि वेलपत्ती यांवर भर असतो, आणि मशिदीत माणसांच्या वा प्राण्यांच्या आकृती टाळलेल्या असतात. याउपर जे काही दिसते ते जवळ मिळणारा दगड, तिथला पाऊस आणि तिथल्या गवंड्यांची व पाथरवटांची पूर्वापार रीत यांनी ठरलेले असते, असे माझे मत आहे.

बेळगावात राहणाऱ्याला हे फार लवकर उमगते, कारण आमच्या पश्चिमेला घाट, जांभा दगड आणि धो धो पाऊस, तर पूर्वेला काळ्या दगडाचे कोरडे पठार आहे. घाट उतरून गोव्यात गेलात, तर फोंड्याची साफा मशीद अवश्य पाहा. ती १५६० मधील, म्हणजे अली आदिलशहाच्या काळातील आहे. उंच जोत्यावर एकच दालन, जांभ्याचे बांधकाम, वर उतरते कौलारू छप्पर आणि शेजारी मोठा हौज, असे तिचे रूप आहे. घुमट नाही. ज्या राजवटीने विजापुरात भव्य घुमट उभे केले, तिनेच कोकणपट्टीत कौले घातली, कारण त्या पावसात कौलच टिकते. काश्मीरमधील जुन्या मशिदींची लाकडी, उतरती छपरेही अशाच कारणाने आली आहेत; तेथे बर्फ पडतो आणि देवदाराचे लाकूड विपुल मिळते. आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही, म्हणून नोंदवतो. आमच्याकडून मक्का पश्चिमेला येते, त्यामुळे मशिदीचे तोंड पूर्वेकडे असते आणि पावसाळ्यातील झड मुख्यतः किब्ल्याच्या बंद भिंतीवर बसते.

बेळगावच्या किल्ल्यात बांधकामाच्या दोन पद्धती एकाच आवारात अभ्यासता येतात. कमल बसदी हे जैन मंदिर रट्ट या इथल्या जुन्या राजघराण्याच्या काळातील, १२०४ च्या सुमाराचे आहे. त्याचे छत एकावर एक दगडी थर थोडे थोडे आत सरकवत नेऊन मिटवलेले आहे आणि मधोमध दगडी कमळ खाली लोंबते. या पद्धतीत प्रत्येक दगडाचा भार सरळ खाली जातो. खऱ्या कमानीत मात्र पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना दाबून धरतात आणि भार दोन्ही बाजूंना ढकलला जातो. त्यामुळे मोठा गाळा खांबांशिवाय झाकता येतो, पण बाजूचा रेटा सोसायला भक्कम भिंत लागते. १४७२-७३ मध्ये बहमनी वजीर महमूद गावान याने बेळगाव जिंकले आणि पुढे हा मुलूख आदिलशाहीकडे गेला. किल्ल्यातील साफा मशीद त्या आदिलशाही काळातील आहे. तिचे नाव असदखान लारी या सरदाराशी जोडले जाते. तिच्यात आधीच्या इमारतींचे खांब वापरले असून त्यांतील काहींवर रट्ट आणि यादव काळातील लेख आहेत. हे सरळ नोंदवले पाहिजे आणि हेही सांगितले पाहिजे की नव्या प्रदेशातील पहिल्या पिढीच्या मशिदींत असा पुनर्वापर पुष्कळ ठिकाणी आढळतो. दिल्लीच्या कुतुब परिसरात तो आहे आणि स्पेनमधील कोर्दोबा येथेही आहे. कोर्दोबाला जुने रोमन खांब आखूड पडले, म्हणून कमानीवर कमान चढवून छत उंच केले, आणि तीच दुमजली लाल-पांढरी कमान पुढे तेथील शैलीची ओळख बनली.

इराणी पद्धत दख्खनमध्ये कशी आली आणि तिचे पुढे काय झाले, हे बीदरला समजते. महमूद गावान मूळचा इराणमधील गिलानचा. त्याने १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशात चौकाच्या चारही बाजूंना उंच कमानीची दालने आहेत आणि दर्शनी भागावर रंगीत चकचकीत फरशा जडवल्या होत्या, त्यांतील काही अजून शिल्लक आहेत. इराणमध्ये मुख्य सामग्री वीट, म्हणून तिला झाकायला फरशी आली. विजापूरकरांनी ही फरशी फारशी उचलली नाही. त्यांच्याकडे कोरता येणारा दगड, तो कोरणारे पाथरवट आणि चुन्याचे उत्तम गचकाम होते. म्हणून तेथे कमानींच्या खांद्यांवर गचाची पदके दिसतात, कंसांवर तोललेले रुंद छज्जे दिसतात, आणि घुमटाच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्यांचे कडे दिसते, जणू घुमट त्या पाकळ्यांतून वर आला आहे. इब्राहिम रोजा (सुमारे १६२७) हा या कोरीव कामाचा कळस आहे. मकबरा आणि मशीद एकाच चौथऱ्यावर समोरासमोर उभी आहेत, आणि मकबऱ्याच्या खिडक्यांत अरबी अक्षरेच जाळीसारखी कोरली आहेत, म्हणजे प्रकाश अक्षरांमधून आत येतो. कारागिरी म्हणून मी इब्राहिम रोजाला गोल घुमटाच्या वर ठेवतो.

रचनेच्या दृष्टीने मात्र गोल घुमटाला तोड नाही. प्रत्येक घुमटापुढे एकच पेच असतो: खोली चौकोनी आणि घुमट गोल, मग हे दोन जुळवायचे कसे? इस्तंबूलच्या उस्मानी वास्तुकारांनी मोठ्या घुमटाला अर्धघुमटांचा आधार दिला. विजापूरकरांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी घातल्या. चौकोनात दोन तिरपे चौकोन गुंफले जातील अशा त्या कमानी वर जाताना आत झुकतात आणि मध्ये एक गोल कडे तयार होते. घुमट त्यावर बसतो. आत झुकलेल्या या बांधकामाचे वजन घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या रेट्याला आवरते. अली आदिलशहाच्या जामा मशिदीत हीच युक्ती आधी लहान प्रमाणावर वापरली होती; महंमद आदिलशहाच्या मकबऱ्यात, म्हणजेच गोल घुमटात, तिच्या बळावर आतून सुमारे ४१ मीटर बाजूचे दालन एकाही खांबाशिवाय झाकले गेले आणि घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर झाला. कुजबुज ऐकू येणारी गॅलरी पाहायला सगळे जातात. आपण गेलात तर आधी खाली मधोमध उभे राहून या कमानी वर कशा गुंफत जातात ते पाहा.

आता दुसरा भाग. या इमारतींना मोगल म्हणणे चुकीचे आहे, आणि कालक्रम पाहिला तरी ते पटते. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील जामा मशीद १३६७ ची. चौक उघडा न ठेवता सबंध मशीद घुमटांनी झाकण्याचा तेथील विचार बाबर हिंदुस्थानात येण्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीचा आहे. गोल घुमटाचे काम १६५६ च्या सुमारास थांबले, म्हणजे तो ताजमहालाचा समकालीन. मोगल पद्धतीत दुहेरी घुमट, लाल वालुकाश्म, संगमरवर आणि चारबाग (चार भागांत आखलेली बाग) यांना जे स्थान आहे, ते आदिलशाही इमारतींत नाही. मोगलांची छाप दख्खनवर स्पष्ट दिसते ती औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात, १६६० च्या सुमारास. विजापूर औरंगजेबाच्या हाती १६८६ मध्ये पडले. तेथील जामा मशिदीच्या जमिनीवर नमाजींच्या जागा आखणारे सव्वादोन हजार चौकोन त्याच्या काळातील मानले जातात. मशिदीचे दोन मिनार मात्र आजही अपुरेच आहेत.