सत्ताविशीत ‘उरलेली’?

प्रश्न : माझी २६ वर्षांची चिनी मैत्रीण शांघायमध्ये राहते. पीएच.डी.ला प्रवेश मिळालाय, पण आईवडील म्हणतात, आधी लग्न कर, नाहीतर ‘शेंगन्यू’ होशील. हा काय प्रकार? मी तिला काय सांगू?

उत्तर : ‘शेंगन्यू’ म्हणजे ‘उरलेली बाई’. सत्ताविशी ओलांडलेल्या, शिकलेल्या, बिनलग्नाच्या मुलींना हा शब्द चिकटवतात. २००७ मध्ये तो नव्या शब्दांच्या यादीत घेतला, तोही शिक्षण मंत्रालयानं! मला याचं फार वाईट वाटतं.

शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी भरणारा लग्नाचा बाजार मी पाहिलाय. जमिनीवर उघड्या छत्र्यांची रांग, प्रत्येकीवर कागद : जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार. मागे आई नाहीतर वडील, मुलगी बहुधा नसतेच. एका कागदावर ‘डॉक्टरेट’ खोडून ‘मास्टर्स’ लिहिलं होतं. मुलाकडचे बिचकतात म्हणून, असं आई हळूच म्हणाली. ती काट मारलेली ओळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तिथला कायदा तुमच्या मैत्रिणीच्या बाजूनं आहे. लग्न स्वेच्छेनंच, आईवडिलांनाही सक्ती करता येत नाही. आणि ती पहिली नाही. च्यू चिन ही चिनी क्रांतिकारक कवयित्री, दोन मुलांची आई, १९०४ मध्ये नवऱ्याचं घर सोडून शिकायला जपानला गेली, तेही दागिने विकून.

खरी कसोटी वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, गावी सगळे नातेवाईक जेवायला जमतात तेव्हा. त्या रात्री तिला फोन करा. लग्नाचा विषय काढू नका, प्रबंधाचा विषय विचारा आणि तिला पोटभर बोलू द्या.