मातीचे रंग, पण चेहरा मातकट होऊ नये म्हणून

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लंडनच्या केनवुड हाउसमधलं डच चित्रकार रेम्ब्राँचं उतारवयातलं आत्मचित्र, मागे दोन वर्तुळं असलेलं, त्याची कॉपी करताय. पॅलेटवर पाच तपकिरी, एक काळा आणि टायटॅनियम व्हाइट आहे. कपाळ जमलं, पण गालावरून जबड्याकडे जाणारी सावली चिखलासारखी झाली. आता निळा विकत आणावा का?

निळा आणू नका. उलट दोन तपकिरी बाजूला काढा.

बर्न्ट अंबर, रॉ अंबर आणि व्हॅनडाइक ब्राउन हे तिन्ही गडद आणि दबलेले आहेत. एकमेकांत मिसळून हाती काहीच नवीन लागत नाही, फक्त उरलासुरला जिवंतपणा जातो. व्हॅनडाइक ब्राउनची ट्यूब उलटी करून रंगद्रव्याचा कोड बघा. एनबीआर ८ (NBr8) असेल तर ती कोळशासारखी सेंद्रिय माती आहे, उजेडात उडते. पीबीआर ७ (PBr7, म्हणजे अंबर-सिएनासारखी तपकिरी माती) आणि काळा असं लिहिलेलं असेल, तर ते मिश्रण तुम्ही स्वतःही करू शकता. मी ठेवीन ते एवढेच: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, व्हेनेशियन रेडसारखी एक लाल माती, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा. ओठांना आणि नाकाच्या शेंड्याला कॅडमियम रेडचा टिपूस. रेम्ब्राँकडे त्या जागी हिंगूळ आणि लाल लेक (रंगवणाऱ्या अर्कापासून केलेला पारदर्शक लाल) होते. तो फक्त मातीच्या रंगांनी रंगवायचा हे खरं नाही. त्याच्या 'ज्यूइश ब्राइड' या चित्रातली ती सोनेरी बाही शिसं-कथलाच्या पिवळ्याशिवाय झालीच नसती. पण त्वचेचा बराचसा भार मातीच वाहते, हे नक्की.

आता मुद्द्याची गोष्ट. तुम्हाला सावलीत जो थंडावा हवाय तो काळ्या-पांढऱ्यात आहे. एका पुठ्ठ्यावर बर्न्ट सिएना पातळ फासा आणि वाळू द्या. मग आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा यांचा मध्यम राखाडी करून त्यावर नखाएवढा ठिपका द्या. तोच राखाडी शेजारी पांढऱ्या कागदावरही लावा. कागदावर तो नुसता राखाडी दिसेल, सिएनावर निळा दिसेल. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ब्रशला कुठून निळा लागलाय का म्हणून तपासून पाहिलं होतं! सगळं चित्र ऊबदार असलं की साधा राखाडीही डोळ्याला निळा वाटतो. त्यात खरा कोबाल्ट निळा घातलात तर तो ठिगळासारखा ओरडेल.

दुसरा थंडावा थराच्या जाडीतून येतो. काळ्या भिंतीसमोर चुलीचा धूर निळसर दिसतो ना, तसंच. गडद तपकिरी वाळल्यावर त्यावर फिकट त्वचेचा रंग अगदी विरळ, जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढला, की खालचा अंधार त्यातून निळसर-करडा होऊन वर येतो. गालाकडून जबड्याकडे वळतानाचा हाफ-टोन, म्हणजे उजेड आणि सावलीच्या मधला टोन, असा मिळवा, मिसळून नको. तुमचा चिखल बहुतेक इथेच झालाय: ओल्या अंबरमध्ये पांढरा घुसला. सावलीच्या ओल्या रंगात पांढरा मिसळूच देऊ नका. उजेड जाड आणि अपारदर्शक, सावली पातळ आणि पारदर्शक, एवढं पाळलंत तरी अर्धं काम होतं.

म्हणूनच कॅनव्हास पांढरा ठेवून चालत नाही. रेम्ब्राँच्या १६४२ च्या 'नाइट वॉच'ची जमीन (रंगवण्याआधी कॅनव्हासवर दिलेला थर) चिकणमाती आणि क्वार्ट्झची, तपकिरी रंगाची आहे. स्पॅनिश चित्रकार वेलाझकेझ सेव्हिया शहरात असताना तिथल्याच मातीची तपकिरी जमीन करायचा. त्याचे गुरू आणि सासरे पाचेको यांनी तीच माती वापरायचा सल्ला लिहून ठेवलाय. एडिनबर्गला त्याचं १६१८ चं, अंडी शिजवणाऱ्या म्हातारीचं चित्र आहे, त्यातला गडदपणा बघा. तुम्ही रॉ अंबरमध्ये जरा बर्न्ट सिएना आणि थोडा पांढरा घालून मधल्या टोनची जमीन करा, आठवडाभर वाळू द्या. मग उजेड आणि काळोख दोन्ही बाजूंना तुम्हाला जागा मिळते. मी सुरुवातीला तीन कॉपी पांढऱ्यावर केल्या आणि प्रत्येक टोन चुकीचा लागला, कारण पांढऱ्यावर सगळंच गडद वाटतं.

पांढऱ्याबद्दल: टायटॅनियमची ताकद फार आहे, चिमूटभर पडला तरी ऑकर खडूसारखा होतो. त्या काळचा पांढरा म्हणजे शिशाचा, आणि हॉलंडमध्ये त्यात खडू मिसळलेला स्वस्त प्रकारही सर्रास वापरात होता. टायटॅनियममध्ये कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड आणि दोन थेंब जवसाचं तेल घालून मळून घ्या, तो नमतो. शिशाचा पांढरा विषारी आहे. भुकटी आणून घरी घोटण्याच्या फंदात कृपा करून पडू नका.

तुम्ही शेवटी विचारलंय, बाजारातला गेरू चालेल का. गेरू म्हणजे हेमेटाइटच, जातकुळी तीच, त्यामुळे हो. पण त्यात वाळू असते आणि कधी कधी वरून रंगही चढवलेला असतो. थोडा गेरू स्पिरिटमध्ये ढवळून ठेवा. वरचं स्पिरिट लाल झालं तर टाकून द्या. चांगला निघाला तर पाण्यात कालवा, मिनिटभर थांबा, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, खाली बसलेली रेती फेका. हे तीन-चारदा केल्यावर जो गाळ वाळून उरतो तो काचेवर जवसाच्या तेलात घोटायचा. पिवळी माती मिळाली तर जुन्या तव्यावर भाजून बघा (तो तवा मग स्वयंपाकाला नको). कडेकडेने ती आधी नारिंगी, मग विटकरी होत जाते. मातीत बांधलेलं पाणी उडालं की पिवळ्याचा लाल होतो, बर्न्ट सिएनातला 'बर्न्ट' तो हाच. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस रॉ सिएना आणि बर्न्ट सिएना या दोन ट्यूबकडे पुन्हा वेगवेगळे रंग म्हणून बघत नाही.

एक शंका मात्र अजून आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत जबड्याची बाजू मला चिखलापेक्षा पांढुरकी, निस्तेज दिसतेय. अंबर तेल पितो, आणि त्यातल्या मँगेनीजमुळे लवकर वाळून 'बसतो', म्हणजे चमक जाऊन फिका दिसतो. त्यामुळे खरवडायच्या आधी, थर पूर्ण वाळला असेल तर सुती फडक्याने जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि जादाचं पुसून घ्या. बसलेला रंग परत खोल दिसला, तर तिथे काही बिघडलेलंच नव्हतं. दिसला नाही, तर वर सांगितलं तसं पुन्हा विरळ हाताने चढवा आणि दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो टाका.