घोडा आखडतो तेव्हा : चंदी, व्यायाम आणि सुट्टीचा दिवस

प्रश्न : आमच्या राइडिंग स्कूलमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेली सात वर्षांची थरोब्रेड घोडी आहे. गेल्या काही महिन्यांत तीनदा असे झाले की दुडकी सुरू करून पंधरा मिनिटे होत नाहीत तोच ती मागून आखडते, दरदरून घाम येतो आणि पुठ्ठे दगडासारखे लागतात. रक्तात सीके (स्नायू तुटले की रक्तात वाढणारे एन्झाइम) खूप वाढलेले निघाले. रोजची चंदी तीन किलो बार्ली, दोन किलो हरभरा, थोडा कोंडा आणि गूळ. जोडीला पाच किलो वाळलेले गवत. सोमवारी शाळा बंद असते, त्या दिवशी ती तबेल्यातच असते. काय बदलावे? (एक वाचक, पुणे जिल्हा)

उत्तर : रेसकोर्सवरची मंडळी ज्याला टायिंग-अप म्हणतात, तेच हे. थरोब्रेडमध्ये, त्यातही बुजऱ्या, तापट माद्यांमध्ये, हा आजार पुन्हा पुन्हा होतो. अशा घोड्यांत स्नायूच्या पेशीतली कॅल्शियमची ये-जा बिघडलेली असते, त्यामुळे आकसलेला स्नायू सैल पडत नाही आणि त्याचे धागे तुटू लागतात. हे लॅक्टिक आम्लामुळे होते ही समजूत जुनी झाली. तरी अनेक तबेल्यांत अजून खाण्याचा सोडा चारला जातो. त्याने हा आजार हटत नाही.

तुमच्या चंदीचा हिशेब मांडू. तीन किलो बार्लीत दीड किलोहून जास्त पिष्ट असते, दोन किलो हरभऱ्यात आणखी पाऊण किलोच्या आसपास. गूळ वेगळाच. एका वेळच्या खाण्यात दर किलो वजनामागे एक ते दोन ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट जाऊ नये, म्हणजे 420 किलोच्या घोडीला फार तर 840 ग्रॅम. तुम्ही दोन वेळा चारत असाल, तर दोन्ही वेळा ती मर्यादा ओलांडली जाते. उलट गवत कमी पडते. वजनाच्या दीड ते दोन टक्के म्हणजे सहा ते आठ किलो हवे, तुम्ही देता पाच. पिष्ट जास्त मिळाले की असा घोडा अधिक बिथरतो, आणि बिथरलेला घोडाच आखडतो.

घोडीचे वजन अंदाजाने धरू नका. खांद्यामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 180 आणि लांबी 154 असेल तर उत्तर 420 किलो येते.

अशा घोडीची रोजची मांडणी साधारण अशी ठेवा : सात किलो वाळलेले गवत, एक किलो वाळवलेला लसूणघास, अर्धा किलो सोयापेंड, अर्धा ते एक किलो ओट दोन वेळांत वाटून, आणि 300 मिली खाद्यतेल. हरभरा, बार्ली, गूळ बंद. पावसाळ्यानंतर उशिरा कापलेल्या डोंगरी गवतात प्रथिने फार थोडी असतात, म्हणून सोयापेंड. कच्चे सोयाबीन मात्र देऊ नका, त्यातला पचनरोधक घटक उष्णता दिल्याशिवाय जात नाही.

तेल सोयाबीनचे, करडईचे किंवा भाताच्या कोंड्याचे, कोणतेही चालते. ते ताजे हवे, तळणीचे उरलेले नको. 100 मिली तेलात पाव किलो बार्लीइतकी ऊर्जा असते. सुरुवात 50 मिलीपासून करा आणि दर तीन दिवसांनी 50 मिली वाढवा. लीद ढिली किंवा तेलकट दिसली तर एक पायरी मागे येऊन आठवडाभर थांबा. भिजवलेल्या सोयापेंडीत कालवले की बहुतेक घोडे कुरकुर न करता खातात. पेंडीऐवजी कोंड्याचा सढळ वापर करू नका. गव्हाचा असो वा भाताचा, त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. भाताचा कोंडा तर गिरणीतून आणल्यावर उन्हाळ्यात काही दिवसांतच खवट होतो.

दाणा कमी करायला घाई चालते, वाढवायला चालत नाही. त्यामुळे बार्ली आणि हरभरा लगेच तोडा, तेल सावकाश वाढू द्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत घोडी जरा उतरलेली दिसेल. तेवढ्याने घाबरून हरभरा पुन्हा सुरू करू नका.

गवत वाळताना त्यातले ई जीवनसत्त्व जवळजवळ संपते, आणि तेल वाढवले की त्याची गरज वाढते. दिवसाला 1,000 ते 2,000 आययू (आंतरराष्ट्रीय एकके) द्यावे. त्याच्या जोडीला मिळणाऱ्या सेलेनियमबाबत हात आखडता ठेवा. रक्ततपासणीशिवाय पूरक आणि इंजेक्शन एकदम दिले तर विषबाधा होऊ शकते. मीठ रोज 30 ग्रॅम म्हणजे सपाट दोन मोठे चमचे, एप्रिल-मेमध्ये घाम गाळणाऱ्या घोडीला 60 ग्रॅमपर्यंत. नुसता चाटण दगड टांगून भागत नाही, घोडे त्यातून पुरेसे मीठ घेत नाहीत.

आता सोमवार. चंदीइतकाच, किंबहुना जास्त, त्रास याच दिवसाने होतो. चोवीस तास तबेल्यात बांधलेल्या घोडीला मंगळवारी थेट दुडकीवर घेणे म्हणजे आजाराला आवतण. सोमवारी राइड नको असेल तर नका देऊ, पण तीन-चार तास आवारात मोकळी सोडा. जागा नसेल तर सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे हाताने फिरवा. त्या दिवशी ओट पूर्ण बंद.

काम देताना तिला सगळ्यांत आधी काढा. इतर घोडे बाहेर पडताना पाहत ती तबेल्यात खूर आपटत राहिली तर निघण्याआधीच घामाघूम होते. चंदीही आधी तिलाच. दहा मिनिटे सैल लगामावर चालवा, मान खाली सोडू द्या. मग तीन-चार मिनिटांच्या दुडकीचे तुकडे, मध्ये पुन्हा चालणे. पळू पाहणाऱ्या घोडीला कँटरमध्ये (दुडकीच्या पुढची चाल) लगाम ओढून दाबून ठेवणे टाळा. आखडण्याचे प्रसंग बरेचदा तिथेच घडतात. नवशिक्या मुलांना ती दोन महिने तरी देऊ नये.

सहा आठवड्यांनी, हलक्या कामानंतर चार ते सहा तासांनी रक्त काढून सीके पाहा. एवढ्याने ते उतरले नाही, तर डँट्रोलीनसारख्या औषधाचा विचार पशुवैद्यकाने करायचा असतो.

प्रश्न : वाटेतच घोडा आखडला तर त्याला चालवून मोकळे करावे, असे आमचा मोतद्दार म्हणतो. हे बरोबर का? बाटलीने गूळपाणी पाजले तर? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही नको. आखडलेला स्नायू चालवला की त्याचे आणखी धागे तुटतात. जिथे थांबला तिथेच खोगीर उतरवा, फार तर चार पावलांवरच्या सावलीत न्या आणि गाडी मागवा. पाणी बादलीत समोर ठेवा, हवे तेवढे पिऊ द्या. बाटलीने पाजताना पाणी फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. उन्हाळा असेल तर मानेवर, छातीवर पाणी मारा. महाबळेश्वरच्या गार वाऱ्यात मात्र पाठीवर घोंगडे टाका.

पहिली लघवी काचेच्या बरणीत धरा. ती चहाच्या किंवा कॉफीच्या रंगाची असेल तर स्नायूंतले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडातून जात आहे, आणि शिरेतून सलाइन देण्यात उशीर करून चालणार नाही. म्हणूनच घरात पडलेले वेदनाशामक इंजेक्शन स्वतःच्या मनाने टोचू नका. शरीरातले पाणी कमी झालेले असताना ते मूत्रपिंडावर आणखी घाव घालते.

गडद लघवी बबेसिया या गोचिडांतून होणाऱ्या रक्ताच्या आजारातही होते, पण तिथे ताप असतो आणि हिरड्या पिवळट दिसतात. धनुर्वातातही घोडा ताठ होतो. डोके जरा वर उचलले की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी पुढे येते, ती पाहा. शंका राहिली तर सीके आणि एएसटी (स्नायूंतून रक्तात येणारे दुसरे एन्झाइम) मिळून उत्तर देतात. सीके काही तासांतच चढते आणि लवकर उतरते, एएसटी सावकाश चढून दोन-तीन आठवडे रेंगाळते. जुना झटका आणि आजचा झटका यांतला फरक त्यावरूनच कळतो.

प्रश्न : माथेरानला माझी तीन तट्टे आहेत. शनिवार-रविवारी दिवसभर काम, बाकीचे दिवस गिऱ्हाईक तुरळक. एक तट्टू दर शनिवारी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मागून जड होते. आठवडाभर चांगले खाऊ घालूनही असे का? (एक घोडेवाले)

उत्तर : आठवडाभर चांगले खाऊ घालता म्हणूनच. युरोपात गाड्या ओढणारे जड घोडे रविवारी पूर्ण चंदीवर उभे राहत आणि सोमवारी जुंपले की आखडत, म्हणून तिकडे याला सोमवारचा आजार म्हणत. तुमच्याकडे तो शनिवारी येतो, एवढाच फरक.

चंदी रविवारी रात्रीच निम्म्यावर आणा, मंगळवारची वाट पाहू नका. सोमवार ते गुरुवार गवत पोटभर, दाणा मूठभर. रोज अर्धा-पाऊण तास चालणे हवेच, त्यात थोडा चढ असू द्या. शुक्रवारी ‘उद्या काम आहे’ म्हणून दाणा चढवण्याची सवय सगळ्यांत वाईट. काम वाढल्यावर चंदी वाढवायची, आधी नाही. शनिवारी पहिले गिऱ्हाईक बसवण्यापूर्वी पंधरा मिनिटे रिकामे फिरवा आणि पहिली फेरी हलक्या माणसाची घ्या. पावसाळ्याच्या सुट्टीनंतर किमान तीन आठवडे असे चढत्या क्रमाने काम द्यावे.

प्रश्न : दूधवाल्या शेजाऱ्याकडची गोळीपेंड स्वस्त मिळते. घोड्याला चालेल का? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : नाही. जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. गाईला ते पचते, घोड्याच्या मात्र हृदयाचे आणि हातापायांचे स्नायू त्याने मरतात. लक्षणे टायिंग-अपसारखीच : घाम, मागून डगमगणे, गडद लघवी. उतारा उपलब्ध नाही. पोत्यावर नाव छापलेले नसले तरी कारखान्यात एकाच यंत्रातून दोन्ही खाद्ये निघत असतील, तर भेसळ होऊ शकते. सारंगखेड्याच्या यात्रेत नवा घोडा घेतलात तर आधीच्या मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा : याला काय चारत होता? तेच खाणे आठवडाभर चालू ठेवून मग हळूहळू बदला. त्यात गोळीपेंड असेल तर मात्र ती त्याच दिवशी थांबवा.

प्रश्न : परदेशात यासाठी जनुकीय चाचणी असते असे वाचले. आपल्या घोड्यांची करावी का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ती चाचणी पीएसएसएम नावाच्या वेगळ्या विकाराच्या पहिल्या प्रकारासाठी आहे. जीवायएस1 जनुकातला तो दोष 2008 मध्ये सापडला. क्वार्टर हॉर्स आणि बेल्जियन, पर्शरॉनसारख्या जड घोड्यांत तो दिसतो. त्यात स्नायूत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) वाजवीपेक्षा जास्त साठत जाते. थरोब्रेडचे आखडणे बहुधा त्यातले नसते, त्यामुळे पुण्यातल्या वाचकाच्या घोडीसाठी ही चाचणी पहिल्यांदा करण्याचे कारण नाही. आयात केलेल्या क्वार्टर हॉर्सच्या वंशातला घोडा असेल तर जरूर करा. तो दोष निघाला तर दाणा पूर्ण बंद करावा लागतो, आणि गवतातली साखर व पिष्ट मिळून 12 टक्क्यांच्या आत हवे. ओटची हिरवट वाळवलेली वैरण त्यात सहसा बसत नाही. दुसरे गवत नसेल तर ती तासभर थंड पाण्यात भिजवून पाणी फेकून द्या आणि लगेच चारा. आपल्या उकाड्यात भिजवलेले गवत दुपारपर्यंत आंबते. व्यायाम दोन आठवडे मोकळे सोडल्यानंतर लांब दोरीवर पाच मिनिटांपासून सुरू करून रोज दोन मिनिटे वाढवायचा, आणि पहिले तीन आठवडे कँटर नाही.