‘माजी न्यायगृह’ म्हणावं का?

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात फेडरल, म्हणजे राज्याची नव्हे तर देशपातळीवरची, कोर्टं ज्या इमारतींत आहेत किंवा होती, त्यांची यादी एक जण मराठीत करत आहेत. शीर्षक त्यांनी दिलंय ‘न्यूयॉर्कमधील विद्यमान व माजी संघीय न्यायगृहे’ आणि ‘हे मराठी म्हणून चालेल का?’ असं विचारलंय. अर्थ कळतो, पण मी तरी ते असं लिहिणार नाही. सगळ्यात जास्त खटकतो तो ‘माजी’.

माजी हा मूळचा अरबी शब्द, अर्थ ‘होऊन गेलेला’. मराठीत मात्र तो माणसांना चिकटला: माजी आमदार, माजी सरपंच, माजी विद्यार्थी. ‘विद्यमान’चीही तीच गत, निवडणुकीच्या दिवसांत तो हमखास भेटतो. इमारतीला यातलं काही लागू होत नाही. शाळा दुसरीकडे हलली तर आपण ‘ही माजी शाळा’ म्हणत नाही, ‘इथे पूर्वी शाळा होती’ म्हणतो.

मग ‘जुनी कोर्टं’ म्हणावं? तेही या यादीत टिकत नाही. मॅनहॅटनच्या फोली स्क्वेअरमधला वास्तुविशारद कॅस गिल्बर्ट यांनी आखलेला कोर्टाचा मनोरा १९३६ साली पुरा झाला. बफेलो शहरातली डिलन यांच्या नावाने ओळखली जाणारी कोर्टाची इमारतही १९३६चीच. तिच्या उद्घाटनाला अध्यक्ष रूझवेल्ट आले होते. दोन्ही सारख्याच जुन्या. पण फोली स्क्वेअरमध्ये आजही फेडरल कोर्ट भरतं, तर बफेलोचं कोर्ट २०११मध्ये रॉबर्ट जॅक्सन यांचं नाव दिलेल्या नव्या इमारतीत गेलं. (दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्यात अमेरिकेचे मुख्य वकील होते, तेच हे जॅक्सन. इमारतीच्या दर्शनी काचेवर अमेरिकेची अख्खी राज्यघटना कोरलेली आहे.) डिलन इमारतीत आता शहर पोलिसांचं मुख्यालय आहे. गमतीत तिला ‘पूर्वाश्रमीचं कोर्ट’ म्हणता येईल, संन्याशाच्या भगव्याऐवजी खाकी घातली एवढंच.

न्यूयॉर्क शहराच्या सिटी हॉलसमोर वास्तुविशारद मलेट यांनी आखलेली टपाल कचेरी आणि कोर्ट मिळून एक अवाढव्य इमारत होती. ती १८८०मध्ये पुरी झाली आणि १९३९मध्ये पाडली. तिला ‘माजी’ म्हटलं तर वाचक ती बघायला जाईल! उलट ब्रुकलिनची एकोणिसाव्या शतकात बांधलेली टपाल कचेरी आज दिवाळखोरीचे खटले चालवते. म्हणजे जुनं बांधकाम, पण कोर्ट चालू. म्हणून एका विशेषणात सगळं कोंबण्यापेक्षा यादीत ‘कोर्ट चालू’, ‘पूर्वी कोर्ट होतं’, ‘इमारत पाडली’ असं सरळ लिहावं. शीर्षकाला ‘न्यूयॉर्क राज्यातली फेडरल कोर्टं: आजच्या आणि पूर्वीच्या इमारती’ पुरेसं आहे.

‘न्यायगृह’ची घडण चुकीची नाही, कारागृह, वसतिगृह, नाट्यगृह आहेतच. पण ‘न्यायालय’मध्ये ‘आलय’ म्हणजे घर आधीच बसलेलं आहे. निकाल देणारं न्यायालय आणि रंग उडालेलं न्यायालय यांत मराठी माणूस गोंधळत नाही. फारच वेगळं दाखवायचं तर ‘कोर्टाची इमारत’ म्हणावं. बोलताना तर आपण जागेचं नाव घेतो, किल्ला कोर्ट, शिवाजीनगर कोर्ट. तिकडचे वकीलही ‘फोली स्क्वेअर’, ‘पर्ल स्ट्रीट’ म्हणूनच काम भागवतात.

‘संघीय’ला व्याकरणाची हरकत नाही, पण महाराष्ट्रात संघ म्हटलं की आधी काय आठवतं ते सांगायला नको. ‘केंद्रीय’ वर्तमानपत्रांना सोयीचा वाटतो. मला तो दिशाभूल करणारा वाटतो. आपल्याकडे न्यायालयांची शिडी एकच, राज्याचा कायदा असो वा केंद्राचा, खटला त्याच कोर्टात उभा राहतो. अमेरिकेत दोन शिड्या शेजारीशेजारी आहेत, राज्याची वेगळी आणि फेडरल वेगळी. तो फरक ‘फेडरल’नेच दाखवावा. शब्द आपल्याला परकाही नाही. १९३७मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या फेडरल कोर्टाच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत आपले मुकुंदराव जयकर होते.

विचारलेलं नाही, पण यादीत पुढे येणारच म्हणून दोन खड्डे दाखवतो. एक, ‘डिस्ट्रिक्ट कोर्ट’चं ‘जिल्हा न्यायालय’ करणं. न्यूयॉर्क राज्यात काउंटी ६२ आणि फेडरल डिस्ट्रिक्ट फक्त चार: दक्षिण, पूर्व, उत्तर, पश्चिम. आपल्या जिल्ह्याच्या जवळ जाते ती काउंटी. तेव्हा ‘दक्षिण न्यूयॉर्क विभागाचं फेडरल कोर्ट’ लिहावं.

दुसरा खड्डा फोली स्क्वेअरच्या अगदी शेजारी आहे. तिथल्या षटकोनी इमारतीत न्यूयॉर्क राज्याचं ‘सुप्रीम कोर्ट’ भरतं. ते फेडरल नाही, म्हणून या यादीत येणारच नाही, आणि नाव तसं असलं तरी ते राज्यातलं सर्वोच्च न्यायालयही नाही. खटले सुरू होतात तेच तिथे. राज्याचं सगळ्यात वरचं न्यायालय अल्बानीला आहे, त्याचं नाव ‘कोर्ट ऑफ अपील्स’. त्यामुळे मराठी बातमीत ‘न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल’ दिसला, तर पुढे अपिलाची वाट खुली आहे का, हे आधी पाहावं.