तापात केलेली तपासणी विमा कंपनी ‘रूटीन’ म्हणते

प्रश्न: आई भावाकडे न्यू जर्सीला गेली असताना तिला सडकून ताप आला, खोकलाही होता. तिथल्या क्लिनिकने स्वॅब घेऊन विषाणूंची तपासणी केली. बिल भावाने भरलं. पुण्यात काढलेल्या प्रवास विम्याचा क्लेम मात्र ‘रूटीन तपासणी’ म्हणून नाकारला. काय करावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: तापाने फणफणलेल्या बाईच्या तपासणीला ‘रूटीन’ म्हणणं संतापजनकच आहे. पण तुम्ही पाठवलेलं बिल पाहता घोळ क्लिनिकमध्ये झालेला दिसतो.

बिलावरचा ८७६३७ हा अमेरिकेतला सीपीटी कोड, म्हणजे तपासणी किंवा उपचार ओळखण्याचा ठराविक क्रमांक. कोविड, फ्लू ए, फ्लू बी आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू) यांची एकत्र पीसीआर तपासणी केली की तो लावतात. तो बरोबर आहे. मात्र कोणती तपासणी केली एवढंच तो सांगतो; का केली, हे शेजारच्या निदानाच्या कोडवरून ठरतं. तिथे झेड ११.५२ छापलंय, म्हणजे लक्षणं नसताना केलेली कोविडची चाचपणी. तापाचा कोड आर ५०.९ असतो. कंपनीने नेमकं हेच पकडलंय. शिवाय त्याच स्वॅबसाठी ८७६३५, म्हणजे फक्त कोविडचा कोडही वेगळा लावलाय. कोविडचे पैसे दोनदा का, हेही विचारायला हवं.

भावाला क्लिनिककडून त्या दिवसाची डॉक्टरांची नोंद मागवायला सांगा. तिच्यात ताप-खोकला लिहिलेला असेल, तर त्या आधारावर दुरुस्त बिल मागा. नोंदीत नसलेलं काही घालायला मात्र सांगू नका. त्याने खरा क्लेमही बुडेल.

नोंद आणि दुरुस्त बिल जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा, पोच जपून ठेवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर नारायण पेठेत केळकर रस्त्यावर विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे वर्षभरात तक्रार करता येते. फी नाही, वकीलही लागत नाही. पॉलिसी आईंच्या नावावर असल्याने तक्रारीवर सही त्यांचीच हवी. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. तो पटला नाही, तर ग्राहक आयोगात जाता येतं. त्याची मुदत दोन वर्षांची. पण आयोगात आधी तक्रार लावलीत, तर लोकपाल ती ऐकणार नाहीत. म्हणून आधी नारायण पेठ गाठा.