मेडिकलमधल्या क्रीमनं मुरमांचे डाग जातायत, पण बंद केलं की आग होते. चालू ठेवू, की लेझर करू?

तुमच्या प्रश्नात तुम्ही दोन ओळींत उरकलंय की आठवडाभरात चेहरा उजळला, पण एखाद्या रात्री क्रीम लावायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी आग होते आणि बारीक पुरळ उठतं. लग्न सहा महिन्यांवर आलंय, म्हणून लेझरचंही विचारलंय. लेझरबद्दल इथं पुष्कळजण सांगतील. मी लिहायला बसले ती त्या आगीमुळे.

माझ्या धाकट्या बहिणीला बारावीपासून मुरमं. गालांवर काळपट डाग आणि कानशिलांजवळ थोडे खड्डे राहिले होते. पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर आमच्या काकूनं मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही, कुणासाठी हवीय हेही विचारलं नाही. आठ दिवसांत मुरमं बसली, डाग फिके पडले, रंग उजळला. काकूनं भावकीत सगळ्यांना सांगितलं आणि दोघी चुलत बहिणींनीही तीच ट्यूब मागवली.

पुढचं कुणाला चटकन दिसलं नाही. भाकरी करायला चुलीपुढं बसली की बहिणीचा चेहरा लालभडक व्हायचा, मग ती ओला पंचा तोंडावर धरून मागच्या दारी जाऊन बसायची. साध्या पाण्यानं तोंड धुतलं तरी चरचरायचं. पार्लरवाल्या ताईंनी थ्रेडिंग करताना विचारलं, "कानाजवळ एवढी लव कधीपासून गं?" नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक लाल शिरा दिसायला लागल्या होत्या. तेव्हा मी तिला सांगलीला स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी चेहरा बघितलाच नाही, ट्यूब मागितली. खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "यात स्टेरॉइड आहे. किती महिने लावताय?"

या क्रीममध्ये तीन औषधं असतात. हायड्रोक्विनोन रंग फिका करतं, ट्रेटिनॉइन कातडीची वरची साल लवकर बदलायला लावतं आणि तिसरं मोमेटासोनसारखं स्टेरॉइड. हे मिश्रण डॉक्टर वांगासाठी ठरावीक आठवडे देतात, ते लबाडीचं औषध नाही. पण चिठ्ठीशिवाय, रोज, महिनोन्‌महिने लावलं की स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्या आखडून राहतात, लाली दबते, सूज दबते आणि आपल्याला वाटतं मुरूम बरं झालं. खाली कातडी पातळ होत असते. क्रीम सुटलं की आखडलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात, दबलेली सूज वर येते, चेहरा लाल होऊन पेटतो. तुम्हाला होतंय ते हेच असावं असं मला वाटतं.

बहिणीचं क्रीम डॉक्टरांनी बंद केलं आणि पुढचे काही आठवडे फार वाईट गेले. तोंड सुजलं, पुवाचे फोड आले, पाहुण्यांना पुढची तारीख द्यावी लागली. काकू भर ओसरीवर म्हणाली, "चांगलं चाललेलं बंद करून पोरीचं तोंड बिघडवलं. डॉक्टरनी बिघडवलं आणि हिनं नेलं." हिनं म्हणजे मी. ते वाक्य ती अजून प्रत्येक लग्नकार्यात म्हणते, आणि ऐकणाऱ्यांना पटतंही, कारण डोळ्यांना तसंच दिसलं होतं: लावलं तेव्हा चांगलं, सोडलं तेव्हा वाईट. म्हणून इथं स्पष्ट लिहिते. ते फोड क्रीमनंच आणले होते. ज्या औषधाशिवाय कातडीला एक रात्र काढवत नाही, त्यानं कातडी बरी केलेली नसते. डॉक्टरांच्या गोळ्या, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढ्यावर चेहरा हळूहळू शांत झाला, पण नाकाजवळच्या शिरा पूर्ण गेल्या नाहीत. काकूला मात्र त्या शिरा दिसत नाहीत.

2018 साली सरकारनं 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ट्यूबवर तसा इशारा छापलेला असतो. तरी काउंटरवर "डागाचं काहीतरी द्या" म्हटलं की तीच ट्यूब पुढं येते. दुकानदार माझ्यावर चिडले तरी चालतील. आणि ज्या डब्यांवर घटकच लिहिलेले नसतात त्या तर घरात आणूच नका. 2023 च्या सुरुवातीला पेपरात आलं होतं, अकोल्यात एका घरातल्या आई आणि दोन मुलींच्या किडन्या पार्लरमधून घेतलेल्या गोऱ्या करणाऱ्या क्रीमनं बिघडल्या आणि त्या क्रीममध्ये पारा निघाला.

आता तुमचा प्रश्न. आधी डाग कोणता आणि खड्डा कोणता ते बघा. डोळे मिटून गालावर हलकं बोट फिरवा. बोटाला काहीच लागलं नाही तर तो नुसता रंग आहे, आणि असे डाग उन्हापासून जपलं तर काही महिन्यांत बरेच फिके होतात. ॲझेलेइक ॲसिड, ॲडापॅलिनसारखी औषधं त्याला मदत करतात. सनस्क्रीन मात्र रोज लागतं, ढगाळ दिवशीही. तर्जनी आणि मधल्या बोटावर लांब रेघ ओढाल एवढं चेहऱ्याला आणि मानेला लावायचं, बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. आपल्या सावळ्या कातडीला नुसत्या उजेडानंही डाग गडद होतात, त्यामुळे आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित मातकट रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी. लिंबू लावायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून काळी पडते.

बोटाला खोलगट लागलं तर कुठलंही क्रीम तो खड्डा भरून काढणार नाही. त्याला सबसिजन (सुईनं खड्ड्याखालचे ओढून धरणारे धागे सोडवणं), मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचणं), बारीक खोल खड्ड्यांना टीसीए नावाचं तीव्र ॲसिड, नाहीतर फ्रॅक्शनल लेझर (ठिपक्याठिपक्यांनी मारलेलं), जसा खड्डा तसा उपाय. चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं बैठका घ्याव्या लागतात आणि खड्डे उथळ होतात, पूर्ण बुजत नाहीत. "शंभर टक्के जाईल" म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका. सावळ्या रंगावर लेझर जोरात मारलं तर नवेच डाग पडतात. आणि तुमची कातडी आत्ता स्टेरॉइडनं पातळ झालेली असेल तर लेझरचा विषय आज काढूच नका. आधी आग थांबू दे, नवी मुरमं यायची थांबू देत. सहा महिन्यांत कदाचित दोन-तीनच बैठका होतील. होऊ देत.

लग्नासाठी म्हणून घाई करणाऱ्या घरातल्या बायकांना तुम्ही नाही म्हणा, हे माझं स्वच्छ मत आहे. बहिणीला पुढं स्थळ आलं, तेव्हा चेहऱ्यावर डाग होतेच. तिनं ते झाकलेही नाहीत. मुलाकडच्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. चेहरा उजळ असता तर आधीचं मोठं स्थळ गेलं नसतं असं काकू म्हणते. पहिल्या स्थळानं नाही म्हटलं ते देण्याघेण्यावरून, हे काकूच्या समोर बोलणं झालं होतं.

मी डॉक्टर नाही. ट्यूब न बघता तुमच्या क्रीममध्ये काय आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नावाच्या शेवटी 'सोन' येतंय का, किंवा क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन लिहिलंय का ते बघा. असेल तर एकदम सोडायचं की हळूहळू कमी करायचं हे डॉक्टरांना ठरवू दे, पण नवी ट्यूब आणू नका. ट्रेटिनॉइन किंवा ॲडापॅलिन चालू असताना चेहऱ्याला वॅक्स करू नका, साल निघते. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर मूल होऊ देण्याचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको, गर्भाला त्यानं गंभीर व्यंग येऊ शकतं. लग्न होणार म्हणून हे आवर्जून लिहिलं. डॉक्टरांकडे जाताना ट्यूब बरोबर न्या, आणि आजवर किती ट्यूब संपवल्या ते खरं सांगा.