श्वास रोखू नका भाऊ!

मागच्या अंकात अंदमानच्या ट्रिपबद्दल चार ओळी काय लिहिल्या, तर पत्रं अन् व्हॉट्सॲप मेसेजचा ढीगच लागला. सगळ्यांना उत्तर देणं काही होत नाही, म्हणून जे प्रश्न फिरून फिरून आले तेवढेच घेतो. आधीच सांगतो, स्कुबा म्हणजे पाठीवर हवेचा टँक घेऊन पाण्याखाली जाणं; त्यातला मी इन्स्ट्रक्टर नाही, कोर्स करून कार्ड मिळवलेला साधा डायव्हर आहे, घर यवतमाळ जिल्ह्यात, आणि समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातले सहा जण कापसाचा शेवटचा वेचा झाला की फेब्रुवारीत अंदमानले जाऊन राहिलो. स्वराज द्वीपला (आधीचं हॅवलॉक) गाइडसोबत छोट्या ग्रुपचं स्कुबा बुक केलं. तिथं नेमकं काय काय होते ते खुलासेवार सांगा. दुसरं म्हणजे आम्ही सगळे लहानपणापासून विहिरीत पोहतो, मी तर 40 फूट विहिरीच्या तळाचा गाळ मुठीत आणून दाखवतो, तर ते शिकवणं-बिकवणं आमच्यासारख्याले लागते काय?

उत्तर : लागतं. आणि राग मानू नका, पण दुसऱ्यांपेक्षा तुम्हालाच जास्त लागतं. मीही विहिरीतलाच आहे म्हणून सांगतो. ज्याला पाण्यातलं काहीच येत नाही तो घाबरत घाबरत का होईना सांगितलं तसं करतो, आपण मात्र पाण्यात तोंड गेलं की श्वास दाबून धरतो, ती सवय हाडात बसलेली असते. आणि स्कुबात तेवढी एकच गोष्ट करायची नसते.

कारण समजून घ्या. विहिरीत आपण वरूनच छातीत हवा भरून जातो. खाली गेलो की पाण्याच्या दाबानं ती आकसते, वर आलो की होती तेवढी होते, हिशोब बरोबर. स्कुबात तुम्ही खाली असताना श्वास घेता आणि तोंडातला रेग्युलेटर (टँकला जोडलेलं श्वास घ्यायचं यंत्र) तुम्हाला तिथल्या दाबाची हवा देतो. 10 मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथं छातीत घेतलेली 5 लिटर हवा वर येईस्तोवर 10 लिटर व्हायला बघते, आणि तोंड बंद असेल तर ती जाणार कुठं, फुप्फुस फाटतं. त्यातही हवा सगळ्यात जोरात फुगते ती शेवटच्या काही मीटरमध्ये, म्हणजे जिथं आपल्याला वाटतं की आता काय, आलंच वर. म्हणून श्वास चालू ठेवायचा, सावकाश आत, सावकाश बाहेर, बास. माझ्या पहिल्या डाइव्हला इन्स्ट्रक्टर दर अर्ध्या मिनिटाला माझ्या छातीवर टिचकी मारत होता, बुडबुडे दिसेनात म्हणून.

आता दिवस कसा जातो ते. आदल्या दिवशी किंवा सकाळी आधी फॉर्म. दमा, हार्ट, फिट, कानाचं ऑपरेशन, शुगर, बीपी, गरोदरपण असं सगळं विचारतात. एका जरी प्रश्नाला हो असेल तर डॉक्टरची सही मागतात, ती तिथं बेटावर शोधत बसू नका. फॉर्म आधीच मागवून घ्या आणि घरूनच आपल्या डॉक्टरकडून लिहून न्या. खोटं नाही लिहून टाकायचं अन् मोकळं नाही व्हायचं, हे आधार लिंक करायचं काम नाही.

मग वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट. पाणी 27-28 डिग्री, तेव्हा थंडीची चिंता नाही, पण तो सूट अंगात चढवणं म्हणजे ओल्या पोत्यात शिरणं आहे, चेन मागून असते, दोन जणांनी एकमेकांची ओढायची. आमच्यातले एक जण सूट उलटा घालून चेन पुढं घेऊन पाच मिनिटं उभे होते आणि कोणी सांगितलं पण नाही. टँक रिकामा असला तरी 14 किलोच्या आसपास असतो, म्हणजे पाठीवर फवारणीचा पंप भरून घेतल्यासारखं समजा, त्यावर कमरेला शिशाची वजनं, कारण खाऱ्या पाण्यात माणूस विहिरीपेक्षा जास्त तरंगतो. काठावर चार पावलं चालताना जीव जातो, पाण्यात शिरलं की त्यातलं काहीच जाणवत नाही.

पहिल्यांदा उतरणाऱ्यांना कंबरभर पाण्यात तीन-चार गोष्टी घोटून घेतात. रेग्युलेटरनं तोंडानं श्वास घेणं, तो तोंडातून निघाला तर परत घालून आतलं पाणी फुंकून टाकणं, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकानं फुंकून काढणं, आणि कान मोकळे करणं. मास्कमध्ये आधी चक्क थुंकून चोळायचं, म्हणजे वाफ धरत नाही, तिथं सगळेच थुंकतात, लाजू नका.

कानाचं मात्र नीट ऐका. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, कान फट्ट करून उघडतात. हे दर मीटरला करायचं, आणि दुखायच्या आधी करायचं, दुखल्यावर नाही. नाही उघडला तर मीटरभर वर यायचं, परत करून पाहायचं, जोर नाही लावायचा. मी लावला होता. रात्रीच्या लाइनवर हरभऱ्याला पाणी देऊन देऊन सर्दी झालेली, पैसे भरले म्हणून कोणाला बोललो नाही, तीन मीटरवर कानात दाभण घातल्यासारखं झालं तरी फुंकतच राहिलो. वर आलो तेव्हा मास्कमध्ये रक्त आणि पुढचे आठ दिवस डाव्या कानानं लग्नातला बँडसुद्धा धड ऐकू येईना. तुम्हीही फेब्रुवारीतच जाऊन राहिले, तेव्हा जायच्या आधी रात्रीचं पाणी दुसऱ्या कोणावर सोपवा. सर्दी असेल तर डाइव्ह पुढं ढकला.

मग खाली. कार्ड नसलेल्यांना जास्तीत जास्त 12 मीटर, म्हणजे बरोबर तुमची 40 फूट विहीरच, आणि बऱ्याचदा त्यापेक्षा कमीच नेतात. स्वराज द्वीपला नवख्यांना बहुतेक करून निमो रीफ नावाच्या प्रवाळाच्या जागी उतरवतात, किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरता येतं. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही नावं कोणी सांगितली तर त्या खोल जागा आहेत, कार्डवाल्यांच्या. पाण्याखाली साधारण अर्धा तास मिळतो. इन्स्ट्रक्टर तुमच्या पाठीशी टँक धरून असतो, तुम्ही फक्त बघायचं.

आणि बघायला काय आहे म्हणता! पहिलं तर ऐकायला आहे. कान पाण्यात गेले की सगळीकडून तडतड तडतड, उन्हात सोयाबीनच्या शेंगा तडकतात ना वावरात, अगदी तशी. मला वाटलं टँक लीक झाला. ती छोट्या झिंग्यांची करामत असते, एक नांगी फटकन मिटवून ते हा आवाज काढतात. त्यात पोपटमासा प्रवाळ चावून राहिलेला असतो, त्याचे दात खरोखरच पोपटाच्या चोचीसारखे, फुटाणे खाल्ल्यासारखा कडकड आवाज येतो, आणि थोड्या वेळानं तोच मासा मागून पांढऱ्या वाळूचा धूर सोडून पुढं जातो. बेटावरच्या ज्या पांढऱ्याशुभ्र रेतीवर तुम्ही फोटो काढणार आहात त्यातली बरीच अशी तयार झालेली असते, घरी बायकोला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नारिंगी-पांढरा क्लाउनफिश बोटाएवढा, पण त्याच्या समुद्रफुलाजवळ गेलात तर अंगावर येतो, पिल्लंवाली कोंबडी जशी येते तशी. पाण्यात सगळं तिसऱ्या हिश्श्यानं मोठं दिसतं, तेव्हा वर येऊन हातानं माप दाखवताना जरा सांभाळून.

प्रवाळ दिसायला दगड, पण तो जिवंत प्राण्यांची वस्ती आहे. हात लावायचा नाही, पाय टेकवायचा नाही. तुमचं विहिरीतलं कसब इथं एकदा आडवं येतं, कारण आपल्याला तळ गाठून मूठ भरायची सवय.

वर येताना सगळ्यात हळू. मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेगानं नाही, आपल्याच बारक्या बुडबुड्यांच्या पुढं जायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं.

सहा जण आहात तर एक गोष्ट बुकिंगवाल्याला आत्ताच विचारा. छोटा ग्रुप म्हणजे बोटीवर सहा की पाण्यात एका इन्स्ट्रक्टरमागे सहा? पहिल्यांदा उतरणाऱ्यांना चांगल्या ठिकाणी एकामागे एक, फार तर दोन देतात. मी एका ठिकाणी (नाव घेत नाही) एकामागे पाच जण पाहिले, तो बिचारा मेंढरं वळल्यासारखा पाण्यात इकडून तिकडं पळत होता, आणि शेवटचा माणूस कधी वर निघून गेला हे त्याला कळलंच नाही. असं दिसलं तर पैसे गेले तरी चालतील, उतरू नका.

प्रश्न : मिसेसला पोहता येत नाही, मला चष्मा आहे, आणि मोठ्या भावाच्या मिश्या भरघोस आहेत. मिश्यांनी पाणी आत जाते म्हणतात, खरं काय? (एक वाचक, मोर्शी)

उत्तर : खरं आहे. मास्कची रबरी कड वरच्या ओठावर बसते आणि केसांतून पाणी झिरपतं. नाकाखालची बारीक पट्टी काढली तरी काम भागतं, मिश्यांचा आकार तसाच राहतो. नाही काढायच्या तर मधून मधून पाणी फुंकून काढत राहायचं, बरेच मिशीवाले डायव्हर तेच करतात. चष्म्यासाठी नंबरचा मास्क मिळतो, आधी नंबर कळवून ठेवा. मिसेसना पोहता आलं नाही तरी गाइडसोबतची ट्राय डाइव्ह, म्हणजे कार्ड नसलेल्यांची चाखून बघायची डाइव्ह, करता येते. कार्डाचा ओपन वॉटर कोर्स करायचा तर 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं करून दाखवावं लागतं, तो 3-4 दिवसांचा असतो आणि त्यावर 18 मीटरपर्यंत जाता येतं.

प्रश्न : खाली गेल्यावर ऑक्सिजन संपला तर? (गोंदिया जिल्ह्यातून)

उत्तर : टँकमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी हवाच असते, गाळून, कोरडी करून दाबून भरलेली. 12 लिटरच्या टँकमध्ये 200 बार दाबानं (बार हे दाबाचं माप, वरच्या हवेचा दाब साधारण 1 बार) म्हणजे 2400 लिटर हवा. पोहणारा डायव्हर वरच्या दाबाच्या हिशोबानं मिनिटाला 20 लिटर घेतो असं धरा, 10 मीटरवर तेच 40 होतात, म्हणजे हिशोबानं तासभर. पण नवखा माणूस भात्यासारखा श्वास ओढतो म्हणून लवकर संपते. टँकमधला दाब दाखवणारा काटा इन्स्ट्रक्टर सारखा बघत असतो आणि 50 बार उरायच्या आत वर आणतात. तरी काही झालंच तर त्याच्याकडे तोंडात धरायचा जादा रेग्युलेटर असतो, त्याच्याच टँकवरून श्वास घेत दोघं वर येतात.

खरी गडबड खुणांची होते. अंगठा वर म्हणजे पाण्याखाली 'मस्त' नाही, त्याचा अर्थ 'मला वर न्या'. आपल्याला तर दिवसभर व्हॉट्सॲपवर अंगठे द्यायची सवय! माझ्या साडूनं कासव पाहिलं आणि खुशीत दोन्ही अंगठे दाखवले, इन्स्ट्रक्टरनं इमानदारीत त्याला वर नेऊन सोडलं. ठीक आहे याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं गोल. तळहात आडवा हलवला म्हणजे काहीतरी गडबड आहे, मग ती जागा बोटानं दाखवायची, कान तर कान.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, शाळेतल्या मैत्रिणींसोबत जायचं आहे. कपड्यांचा फार संकोच वाटतो. पाळी आली तर? आणि शार्क? (वणी)

उत्तर : वेटसूट बहुतेक गळ्यापासून गुडघ्यापर्यंत तरी असतो, पूर्ण पायाचाही मिळतो, आत लेगिंग आणि फुल बाह्यांचा स्विमिंगचा टॉप घालून जा, कोणी बघत नाही कारण सगळेच त्यात सारखे बेढब दिसतात. पाळीत डाइव्ह करता येते. शार्क त्यामुळं येतो ही नुसती आवई. नवख्यांच्या उथळ जागी शार्क दिसणं नशीबच म्हणायचं, आणि दिसला तर तोच आधी पळतो. जपायचं ते लायनफिशला, पिसारा फुलवल्यासारखा सुंदर असतो पण काट्यात विष. हात छातीशी घेऊन राहिलात की काही होत नाही. बोट लागते म्हणून गोळी घेणार असाल तर डॉक्टरला विचारून घ्या, काही गोळ्यांनी झोप येते.

प्रश्न : सुट्ट्या कमी आहेत. सकाळी डाइव्ह आणि दुपारच्या विमानानं चेन्नईमार्गे नागपूर, जमते काय?

उत्तर : नाही जमत. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो आणि तो हळूहळू निघायला वेळ लागतो. विमानात केबिनचा दाब कमी असतो, त्यात तो गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर फेस यावा तसा बुडबुड्यांनी बाहेर यायला बघतो, सांधे धरतात, लकवासुद्धा मारू शकतो. एकच डाइव्ह असेल तर कमीत कमी 12 तास, जास्त डाइव्ह असतील तर 18 तास विमान नको, मी पूर्ण एक दिवस सोडतो. डाइव्ह आधी उरकून घ्या आणि शेवटचा दिवस सेल्युलर जेलला ठेवा. तिकडं फेब्रुवारीत संध्याकाळी साडेपाच-पावणेसहालाच अंधार पडायला लागतो, त्या हिशोबानं निघा.

प्रश्न : शोकेससाठी प्रवाळाचा एखादा तुकडा आणला तर चालते काय? किनाऱ्यावर पडलेला असला तरी?

उत्तर : नका आणू. रीफ बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. ताडोब्यातून वाघनख खिशात घालून आणाल काय? बॅगा विमानतळावर तपासतात.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे, फार हट्ट करून राहिली...

उत्तर : दहा पूर्ण लागतात. आधार कार्डावरच्या वयाबद्दल तुम्ही पुढं जे विचारलंय ते पान मला मिळालंच नाही असं समजा.